पाकात मुरवलेली साल : कढईआधी फवारणीची वही

डिसेंबर उजाडला की बेंगळुरूच्या बेकऱ्यांमध्ये प्लम केकची लगबग सुरू होते. मनुका, काजू आणि चेरीबरोबर या केकमध्ये आणखी एक घटक असतो. तो म्हणजे लिंबूवर्गीय फळाची पाकात मुरवलेली साल. तिचा किंचित कडवट, सुवासिक घास नसेल तर केकचा गोडवा एकसुरी वाटतो. स्वस्त केकमध्ये तिची जागा कच्च्या पपईपासून बनवलेल्या रंगीत टुटीफ्रुटीने केव्हाच घेतली आहे. खरी साल मात्र आजही मागणीत आहे आणि तिला दरही चांगला मिळतो.

त्याच दिवसांत शहरातील रसवंत्यांबाहेर मोसंबी-संत्र्यांच्या सालींचे ढीग साचलेले दिसतात. नागपूर असो की बेंगळुरू, हे दृश्य सारखेच आहे. कच्चा माल फुकट, कृती सोपी आणि मालाला बाजार तयार, असा हिशेब मांडून अनेक शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट या उद्योगाकडे वळू पाहतात. विस्तार कार्यकर्त्यांकडे कृतीची मागणी होते. ती देणे अवघड नाही. तत्पूर्वी विचारायचा प्रश्न मात्र सहसा राहून जातो : ही साल कोणत्या बागेतील आहे आणि तिच्यावर शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली?

संत्रा, मोसंबी किंवा पपनस खाताना साल फेकून दिली जाते, या गृहीतावर बागायतदार आणि ग्राहक दोघेही निर्धास्त असतात. सालीची कँडी करताना नेमके हेच गृहीत उलटते. जो भाग फेकायचा, तोच अन्न होतो. म्हणून या पदार्थाची पहिली पायरी स्वयंपाकघरात नसून बागेत, फवारणीच्या नोंदवहीत असते.

सालीची रचना

लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे दोन थर असतात. बाहेरचा रंगीत थर तैलग्रंथींनी भरलेला असतो. साल वाकवल्यावर उडणारे सुवासिक तुषार या ग्रंथींतील तेलाचे असतात. त्या तेलातील प्रमुख घटक ‘लिमोनीन’ हा असून ‘लिमोनिन’शी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे; घोळ टाळण्यासाठी येथे त्याला सालीचे तेल एवढेच म्हटले आहे. आतला पांढरा, स्पंजासारखा थर पेक्टिनने समृद्ध असतो. पाक शोषून घेण्याचे काम हाच थर करतो. पपनसातील कडवटपणा मुख्यतः नारिंजिन या द्रव्यामुळे येतो. ते गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळत असल्याने साल उकळून पाणी टाकून दिले की कडवटपणा उतरतो.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने बाहेरचा थर हे झाडाचे चिलखत आहे. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते तेव्हा तैलग्रंथींतील तेल त्या अंड्यांना व नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांना घातक ठरते. जाड व तेलकट सालीच्या फळात फळमाशीचा शिरकाव त्यामुळेच कठीण असतो. मात्र जे चिलखत किडीला अडवते, तेच फवारणीचे द्रावणही झेलते. सालीवरील मेणाचा पापुद्रा आणि आतील तेल ही दोन्ही स्निग्ध द्रव्ये आहेत. अनेक कीटकनाशके पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत अधिक सहज मुरतात. परिणामी स्पर्शजन्य कीटकनाशकांचा बहुतांश अवशेष गरात न उतरता सालीतच राहतो. आंतरप्रवाही कीटकनाशकांची गोष्ट वेगळी आहे. ती झाडाच्या रसाबरोबर फिरतात, त्यामुळे केवळ पृष्ठभागाचा विचार करून भागत नाही.

मर्यादा फळाची, खाणे सालीचे

कीटकनाशकांची कमाल अवशेष मर्यादा लिंबूवर्गीय फळांसाठी ठरवताना सामान्यतः संपूर्ण फळ, म्हणजे सालीसह, विचारात घेतले जाते. हा तपशील साल-प्रक्रियेत कळीचा ठरतो. एक साधे उदाहरण घेऊ. २०० ग्रॅम वजनाच्या फळात साल ५० ग्रॅम आहे आणि संपूर्ण फळात एखाद्या कीटकनाशकाचा अवशेष किलोला ०.४ मिलिग्रॅम आहे, असे समजू. म्हणजे त्या एका फळात एकूण ०.०८ मिलिग्रॅम अवशेष झाला. तो जवळजवळ सगळा सालीत असेल, तर ५० ग्रॅम सालीतील प्रमाण किलोला १.६ मिलिग्रॅम होते. फळ मर्यादेत बसत असतानाही सालीतील प्रमाण फळाच्या चौपट निघाले.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात औषध कोणते, फवारणीला किती दिवस झाले, पाऊस पडला का, यांवर प्रमाण बदलते. पुढे उकळताना काही अवशेष पाण्यात उतरतो आणि साखर भरल्याने वजनही वाढते. परंतु यातील कोणता परिणाम किती, हे प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय सांगता येत नाही. डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला अवशेष कळत नाही.

युरोपातील बाजारांत या प्रश्नाकडे लक्ष दिलेले दिसते. काढणीनंतर बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेल्या संत्र्या-लिंबांवर साल खाण्यास योग्य नाही, अशी सूचना तेथे आढळते. प्रक्रिया न केलेली फळे वेगळी विकली जातात आणि मुरांबा किंवा कँडी करणारे ग्राहक तीच निवडतात. लांबच्या प्रवासाच्या फळांवर इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल यांसारखी बुरशीनाशके आणि मेणाचा लेप देण्याची पद्धत जगभर आहे. म्हणून मोठ्या दुकानांत मिळणारी चकचकीत आयात संत्री साल मुरवण्यासाठी घेऊ नयेत. रसवंतीबाहेरच्या सालींनाही हाच नियम लागू होतो. त्या फुकट असल्या तरी त्यांच्यात अनेक बागांची फळे मिसळलेली असतात आणि त्यांतील एकाही बागेची नोंद हाती नसते.

धुतल्याने काय जाते, काय राहते

साल खूप धुतली की सगळे निघून जाते, हा समज व्यापक आहे. त्यात अर्धेच तथ्य आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सफरचंदांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाण्याच्या सोड्याच्या १ टक्का द्रावणात सफरचंदे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर थायाबेंडाझोल व फॉस्मेट या दोन रसायनांचा पृष्ठभागावरील अवशेष निघून गेला. मात्र सालीत आत उतरलेला भाग, थायाबेंडाझोलच्या बाबतीत सुमारे २० टक्के, धुण्याने निघाला नाही.

यातून घ्यायचा बोध सरळ आहे. धूळ, कोळशी, बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग आणि पृष्ठभागावरील अवशेष यांसाठी धुणे आवश्यकच आहे. पण आत मुरलेल्या औषधावर धुणे हा उपाय नाही. त्यावर उपाय एकच : ते औषध त्या फळावर चुकीच्या वेळी पडू न देणे.

सालीवरील खुणा वाचताना

बाजार डागविरहित सालीला दर देतो. त्या दरासाठी बागायतदार एखादी जादा फवारणी करतो. कँडीच्या दृष्टीने येथे विरोधाभास उभा राहतो. दिसायला स्वच्छ साल अवशेषांनी भरलेली असू शकते आणि किंचित डागाळलेली साल खाण्यास निर्धोक असू शकते. म्हणून डाग कशाचा आहे, हे ओळखता आले पाहिजे.

• फुलकिडे : फळ वाटाण्याएवढे असताना फुलकिडे साल खरवडतात. फळ वाढते तसा देठाभोवती करडा-रुपेरी वलयाकार व्रण दिसू लागतो. हा दोष केवळ दिसण्याचा आहे. व्रणाचा भाग कापून उरलेली साल वापरता येते.

• कोळी, म्हणजे विदर्भात ‘लाल्या’ म्हणून ओळखला जाणारा प्रादुर्भाव : साल तांबूस-तपकिरी व खरखरीत होते. थोडा डाग असल्यास तेवढा भाग काढावा. संपूर्ण फळ लालसर झाले असल्यास साल चिवट असते. अशी साल कँडीला घेऊ नये, पण आतील गर खाण्यास योग्य असतो.

• काळी माशी, मावा व कोळशी : किडींनी सोडलेल्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. ती सालीच्या वरच राहते आणि मऊ ब्रशने धुतल्यावर निघते. डाग गेल्यावर साल वापरता येते.

• खवले कीड व पिठ्या ढेकूण : कीड देठाच्या खोबणीत दडते. ब्रशने घासूनही खवले निघत नसतील तर तो भाग कापून टाकावा.

• फळमाशी : टाचणीच्या टोकाएवढे छिद्र आणि त्याभोवती मऊ, पिवळसर डाग दिसतो. फळ दाबल्यास तेथे बोट रुतते. असे फळ पूर्णपणे बाजूला काढावे.

• रस शोषणारे पतंग : हे पतंग रात्री येऊन आपल्या कणखर सोंडेने साल भेदतात. छिद्रातून बुरशी व जिवाणू शिरतात आणि फळ सडून गळते. अशा फळाची साल बाहेरून बरी दिसली तरी वापरू नये.

पहिल्या चार प्रकारांतील सौम्य प्रादुर्भावाची फळे बाजारात दुय्यम दराने जातात. साल-प्रक्रियेला खरा वाव याच फळांत आहे. गराचा रस आणि सालीची कँडी, असा दुहेरी उपयोग केल्यास नाकारलेल्या फळाला मोल येते. मात्र त्यासाठी ती फळे कोणत्या झाडांची आहेत, हे माहीत असले पाहिजे.

सालीसाठी राखीव झाडे

संपूर्ण बागेचे फवारणी वेळापत्रक कँडीसाठी बदलणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी बागेतील थोडी झाडे राखून ठेवावीत. घरगुती वापरासाठी दोन-तीन झाडे पुरतात. लहान गटाला दहा-पंधरा झाडांपासून सुरुवात करता येईल. ही झाडे शेजारच्या शेतातील फवारणीचा फवारा वाऱ्याने येईल अशा कडेला नसावीत. त्यांच्या खोडावर ठळक खूण करावी, म्हणजे मजुरांकडून चुकून फवारणी होणार नाही.

या झाडांवरील कीड व्यवस्थापनाचा भर औषधापेक्षा देखरेखीवर असतो. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे फळे पक्व होण्याआधीच लावावेत. गळलेली फळे दररोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत. ती झाडाखाली तशीच राहिली तर सापळ्यांचा उपयोग निम्माही होत नाही. रस शोषणाऱ्या पतंगांच्या अळ्या गुळवेल व वासनवेल यांवर वाढतात. म्हणून बांधावरील या वेली फळे पक्व होण्यापूर्वी काढाव्यात. पपनसासारखी मोठी आणि मोजकी फळे असतील तर त्यांवर कागदी पिशव्या चढवणे हा फळमाशी व पतंग या दोन्हींवर सोपा उपाय आहे.

पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस हा मित्रभुंगा उपयुक्त आहे. द्राक्ष बागायतदारांना तो परिचित आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगा १८९८ मध्ये कॉफीवरील खवले किडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला आणि आज दक्षिण भारतात चांगला रुळला आहे. मात्र भुंगे सोडल्यावर त्याच झाडावर तीव्र कीटकनाशक फवारले तर मित्रकीटकच आधी मरतात. राखीव झाडे मुख्य बागेपासून थोडी अलग का असावीत, याचे हे आणखी एक कारण आहे.

नव्या पालवीवर येणाऱ्या सायलाच्या बाबतीत ढिलाई परवडणारी नाही. सायला ग्रीनिंग या असाध्य रोगाचा प्रसार करते. राखीव झाडांवर ती दुर्लक्षित राहिली तर संपूर्ण बाग धोक्यात येते. म्हणून पालवी फुटण्याच्या काळात, फळे लहान असताना, शिफारशीनुसार उपाय करावेत. रासायनिक फवारणी अपरिहार्य असेल तर पुढील चार पथ्ये पाळावीत.

१. त्या पिकासाठी व किडीसाठी लेबल क्लेम असलेलेच कीटकनाशक वापरावे.

२. लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हा किमान समजावा. तो संपूर्ण फळ गृहीत धरून ठरवलेला असतो. सालीसाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांत शक्य तितके अधिक अंतर ठेवावे.

३. फळे रंग धरू लागल्यावर राखीव झाडांवर कोणतीही कीटकनाशक वा बुरशीनाशक फवारणी करू नये. फवारणी करावीच लागली तर त्या हंगामात त्या झाडाची साल वापरू नये.

४. तारीख, औषध, मात्रा, झाडांचे क्रमांक आणि काढणीची तारीख वहीत नोंदवावी. जमिनीतून दिलेल्या आंतरप्रवाही औषधांचीही नोंद करावी.

कोणत्या फळाची साल घ्यावी

साल मुरवण्याची परंपरा युरोपात प्रामुख्याने महाळुंग या फळाभोवती वाढली. त्याची साल जाड आणि गर नाममात्र असतो. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असलेले हेच म्हाळुंग. आज ते आपल्याकडे बागेत क्वचित दिसते. त्याच्या खालोखाल जाड साल पपनसाची असते. कोकणात गणेशोत्सवाच्या सुमारास बाजारात येणारे पपनस महाराष्ट्राला परिचित आहे. बेंगळुरूजवळील देवनहळ्ळीचा चकोता हे त्याच जातीचे फळ असून त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. २००८ मध्ये तेथे बेंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला. जमिनींचे भाव वाढत गेले आणि शहर बागांच्या दारापर्यंत येऊन ठेपले. अशा परिसरात झाड टिकायचे असेल तर त्याच्या प्रत्येक भागाला किंमत यावी लागते. चकोत्याच्या वजनाचा मोठा हिस्सा सालीचा असतो आणि तो आजवर टाकून दिला जातो. परसातील अशा झाडांवर फवारणीही सहसा कमी असते. त्यामुळे सालीच्या कँडीसाठी पपनस हे सर्वांत आश्वासक फळ ठरते.

मोसंबीची साल मध्यम जाड, घट्ट आणि कँडीला चांगली असते. नागपुरी व कूर्गी संत्र्याची साल पातळ व सैल असते. ती लवकर शिजते आणि सुगंधही उत्तम देते, पण तिचे तुकडे मांसल होत नाहीत. केकमध्ये बारीक चिरून घालण्यासाठी ती योग्य आहे.

घरगुती कृती

मोरावळा किंवा पेठा करणाऱ्यांना यातील तत्त्व नवीन नाही. सालीतील पाणी हळूहळू बाहेर काढून त्याच्या जागी साखर भरायची असते. घाई केली आणि साल सुरुवातीलाच घट्ट पाकात टाकली, तर बाहेरून पाणी झपाट्याने निघून जाते, साल आक्रसते आणि आतपर्यंत साखर पोहोचत नाही. म्हणून पाकाची तीव्रता रोज थोडी वाढवावी लागते.

साहित्य : उकळून निथळलेली साल १ किलो, साखर १ किलो ६५० ग्रॅम, पाणी १ लिटर, सायट्रिक ॲसिड ३ ग्रॅम.

पूर्वतयारी : अखंड फळे वाहत्या पाण्यात मऊ ब्रशने घासावीत. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून त्यात ती १५ मिनिटे ठेवावीत आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावीत. धुणे साल काढण्यापूर्वीच करावे, नाहीतर पांढरा थर ते पाणी शोषून घेतो. साल काढून अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. पपनसाची सर्वांत बाहेरची पातळ हिरवी त्वचा फार कडू असल्यास तासून टाकावी.

कडवटपणा काढणे : पट्ट्या भरपूर पाण्यात १० मिनिटे उकळून पाणी टाकून द्यावे. संत्रा-मोसंबीसाठी असे तीन वेळा करावे. पपनसाच्या पट्ट्या आदल्या रात्री २ टक्के मिठाच्या पाण्यात भिजत ठेवाव्यात, सकाळी धुवाव्यात आणि चार वेळा पाणी बदलून उकळाव्यात. प्रत्येक वेळी हलक्या हाताने पिळावे. शेवटी पट्टी दोन बोटांत सहज दबली पाहिजे. येथे कच्ची राहिलेली साल पुढे पाकात मऊ होत नाही.

पाक चढवणे : पहिल्या दिवशी १ लिटर पाण्यात ६५० ग्रॅम साखर व सायट्रिक ॲसिड घालून उकळी आणावी. त्यात साल घालून ५ मिनिटे उकळावे आणि स्टीलच्या पातेल्यात झाकून २४ तास ठेवावे. दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत रोज पुढीलप्रमाणे करावे : साल बाजूला काढावी, पाकात २०० ग्रॅम साखर घालावी, पाक सुमारे पाव लिटर आटेपर्यंत उकळावा, साल परत घालून ५ मिनिटे उकळावी आणि झाकून ठेवावी. या प्रमाणाने साल व पाक यांतील साखरेची तीव्रता पहिल्या दिवसाच्या सुमारे २६ टक्क्यांवरून दररोज ९-१० टक्क्यांनी वाढत सहाव्या दिवशी ७० टक्क्यांच्या वर जाते. पुढे साल याच पाकात आणखी ४-५ दिवस मुरू द्यावी. पट्टी अर्धपारदर्शक दिसू लागली म्हणजे साखर आतपर्यंत पोहोचली असे समजावे.

सायट्रिक ॲसिड केवळ चवीसाठी नसते. उकळताना आम्लामुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि पुढे सालीवर खडे धरत नाहीत.

तीव्रता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर सर्वांत विश्वसनीय. द्राक्ष व ऊस पट्ट्यात तो अनेक शेतकऱ्यांकडे असतोच. पाक थंड करून मोजावा. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी स्थळाची उंची लक्षात घ्यावी. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथे पाणीच सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे पाकाच्या प्रत्येक टप्प्याचे तापमानही किनारपट्टीपेक्षा साधारण ३ अंशांनी कमी धरावे लागते. मुंबईच्या कृतीतील अंश बेंगळुरूत जसेच्या तसे गाठू पाहिले तर पाक गरजेपेक्षा घट्ट होतो.

सुकवण आणि साठवण : किडींची दुसरी फळी

बागेतील किडी मागे राहिल्या तरी स्वयंपाकघरात दुसरी फळी वाट पाहत असते. पहिल्या तीन-चार दिवसांत पाक सौम्य असतो. या अवस्थेत पिकलेल्या फळांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांना तो आकर्षित करतो. चिलटे आपल्याबरोबर यीस्ट आणतात आणि पाक फसफसू लागतो. म्हणून पातेल्यावर घट्ट झाकण असावे आणि रोजची उकळी चुकवू नये. आंबूस वास व फेस आलेला पाक पुन्हा उकळून वापरण्याचा मोह टाळावा.

मुरलेली साल निथळून, गरम पाण्यात क्षणभर बुडवून काढावी, म्हणजे वरचा चिकटपणा जातो. नंतर ती जाळीच्या ट्रेवर पसरून ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या ड्रायरमध्ये सुकवावी. ड्रायर नसल्यास हवेशीर सावलीत दोन-तीन दिवस ठेवावी. उघड्यावर ठेवलेल्या गोड सालीवर मुंग्या, गांधीलमाश्या आणि मधमाश्या तुटून पडतात. बारीक जाळीचे आवरण आणि ट्रेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, एवढी व्यवस्था पुरेशी होते. जवळपास कोणतेही कीटकनाशक फवारू नये. मधमाश्या मरतात आणि इतका वेळ जपलेली सालही वाया जाते. पट्टी बोटाला चिकटत नाही, पण वाकवल्यावर मोडतही नाही, अशी झाली की सुकवण थांबवावी.

साठवणीत सुक्या मेव्यावर येणारे पतंग व भुंगे या पदार्थावरही येतात. जाळ्यासारखे धागे किंवा बारीक भुसा दिसल्यास तो डबा लगेच वेगळा करावा. कोरड्या, हवाबंद काचेच्या बरणीत किंवा जाड पिशवीत, जुन्या धान्यापासून दूर, थंड जागी साल ठेवावी. उरलेला सुवासिक पाक सरबतासाठी किंवा पुढच्या घाण्यासाठी वापरता येतो. तो सालीइतकाच विश्वासार्ह असतो, त्याहून अधिक नाही.

विक्रीच्या वाटेवर

घरापुरती साल करणे आणि ती विकणे यांत जबाबदारीचा फरक आहे. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. पाकवलेल्या सालीच्या मानकांनुसार एकूण शर्करा वजनाने किमान ७० टक्के आणि तीत क्षपणकारक शर्करेचे प्रमाण एकूण शर्करेच्या किमान २५ टक्के असावे लागते. वर दिलेल्या कृतीतील तीव्रता व आम्ल यांचा संबंध या दोन अटींशी आहे. तरीही विक्रीपूर्वी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. त्याच वेळी त्या बागेत वापरलेल्या कीटकनाशकांचे अवशेषही तपासावेत. कोणते अवशेष शोधायचे हे प्रयोगशाळेला फवारणीच्या वहीवरूनच नेमके सांगता येते.

प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा आणि तो राखीव झाडांच्या क्रमांकाशी जोडावा. मोठा खरेदीदार उद्या मालाचा माग विचारील तेव्हा ही जोडणी उपयोगी पडेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या घाण्यात दोष निघाला तर संपूर्ण माल परत न घेता तेवढाच घाणा बाजूला काढता येईल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी यातून एक क्रम सुचतो. सालीच्या कँडीच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस बागेत घ्यावा. त्या दिवशी डाग ओळखणे, राखीव झाडे निवडणे आणि वही भरणे शिकवावे. ज्या बागेची वही रिकामी आहे, तेथील साल त्या हंगामात घेऊ नये आणि पुढील हंगामाची तयारी करावी. कढई, साखर आणि बरणी यांना दुसऱ्या दिवशी भरपूर वेळ मिळतो. केकमध्ये सालीचा तो लहानसा तुकडा बहुधा घरातील मुलेच आधी वेचून खातात. तो कोणत्या झाडाचा आहे, हे बागायतदाराला सांगता आले पाहिजे.